पिवळ्या रेघेखाली

कारखान्यातल्या कॅमेऱ्याच्या टीव्हीवर मावशीभोवती लाल चौकोन आला आणि पॅकिंगच्या टेबलावरच्या सगळ्या बाया खिदळल्या.

"अगं बुटके, टीव्हीवर आलीस की!"

"मशीनने लाली लावलीये बघ!"

मावशी पण हसली. बाटल्यांना बुचं लावायचं काही थांबवलं नाही तिने. कॉम्प्युटरवर तिचाच भाचा होता, तिनेच वाढवलेला. "व्हिडिओ बघून बघून शिकलाय हो सगळं," असं सांगून हे काम त्याला द्यायची गळही मालकाला तिनेच घातली होती.

"लाल म्हणजे काय, सांग त्यांना," मालक म्हणाला.

"लाल म्हणजे बसलेलं माणूस. डोकं टीव्हीवरच्या या पिवळ्या रेघेला लागलं की चौकोन हिरवा. नाही लागलं की लाल."

"आणि जी दिवसभर लाल, तिला उद्यापासून घरी बसायचं."

"मी तर उभीच आहे साहेब."

"मग मशीन खोटं बोलतंय?"

"सर, तिची उंचीच कमी आहे. रेघ खाली घेतो." भाच्याने घाईत आकडा कमी केला. चित्रात मोजणी वरून सुरू होते, आकडा कमी केला की रेघ वर जाते, हे पाठ असूनही तो विसरला. रेघ खाली यायची ती वर गेली. सगळ्याच्या सगळ्या बाया लाल.

आता कोणी हसलं नाही.

त्याने आकडा वाढवला. रेघ खाली आली, सगळ्या हिरव्या. मावशीसुद्धा. मालकाने खुर्ची ओढली आणि टेबलाशी जाऊन बसला. त्याचाही चौकोन हिरवा.

"मी बसलोय, तरी हिरवा? होती तिथे ने ती रेघ."

"पण सर, मावशी..."

"एका बाईसाठी रेघ हलवायची? तुझं काम पास करायचंय ना?"

भाच्याने मावशीकडे बघितलं.

"ने रे वर," ती म्हणाली. "माझं बघते मी."

रेघ वर गेली. मावशी परत लाल.

"साहेब, पायाखाली एक खोकं घेऊ?"

"पडलीस म्हणजे दवाखाना मी करायचा? काही नको."

मग तिने टाचा उचलल्या. कॅमेऱ्याला टेबलाखालचं दिसत नव्हतं. चौकोन हिरवा झाला. चवड्यांवर उभी राहून ती बुचं लावत होती, एकामागून एक, मान ताठ ठेवून. थोड्या वेळाने चौकोन लाल झाला. परत हिरवा. परत लाल.

मालक खुर्चीवरून उठून टीव्हीजवळ आला.

"बाकी झकास जमलंय," तो भाच्याला म्हणाला. "फक्त हा एक चौकोन सारखा थरथरतोय. तेवढं दुरुस्त कर."