लाँचर टाळलेले नऊ शनिवार

माझी सुट्टी शनिवारी. सहा दिवस डोलवीला कंपनीच्या काट्यावर ट्रकांची वजनं करायची, बसमध्ये डुलक्या खात पेणला परतायचं, आणि सातव्या दिवशी कपडे, दळण, सासूबाईंचा दवाखाना. त्यातून दुपारी उरणारा एक तास तेवढा माझा. त्या तासात मी कॉम्प्युटरवर गेममध्ये शेती करते. हसा खुशाल. माझा नवरा प्रविणही हसतो.

शेत माझं एकटीचं नाही, शीराचं आणि माझं अर्ध्यात आहे. रोह्याच्या शाळेत आम्ही एका बाकावरच्या. लग्न होऊन मी पेणला आले, ती घरच्यांबरोबर इस्रायलला गेली. गेम तिने घेतला. खातं तिचं, पासवर्ड दोघींचा. तिने खेळून बंद केलं की शेत गेमवाल्यांच्या सर्व्हरवर जायचं, आणि माझ्याकडे तिने सोडलं तिथून पुढे सुरू व्हायचं. शनिवारी तिचा शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा वार, त्या दिवशी ती बटणाला हात लावत नाही. म्हणून शनिवार माझा. शेताचं बोलणं फोनवर काढायचं नाही असंही ठरलेलं. फोनवर फक्त दुखणीखुपणी.

आता तो लाँचर. गेमच्या आधी गेमवाल्यांची एक खिडकी उघडते. आधी अपडेट, मग पासवर्ड, मग नव्या गेमांच्या जाहिराती. एका शनिवारी त्याने पंचेचाळीस मिनिटं खाल्ली आणि माझं डोकं फिरलं. रोह्याला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मामेभावाला, साहिलला, फोन लावला.

"ताई, त्याच्यातनं जातेस कशाला?" तो म्हणाला. "गेमच्या फोल्डरात मूळ फाईल हाय. तिचाच शॉर्टकट करून ठेव. नेटपण लागायचा नाय."

दहा सेकंदांत शेत उघडलं. साहिलला मी मनातल्या मनात ओवाळलं.

पण पुढच्या शनिवारी शेत मी सोडलं तसंच होतं. शीराने आठवडाभर काडी हलवली नव्हती. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. वांगी मीच लावली, मीच काढली. वाटलं, कंटाळली असेल, तिकडे नव्या मैत्रिणी मिळाल्या असतील. विचारायला हवं होतं, पण मीच का विचारू? तिने सणाचे फोटो पाठवले, मी एक हात जोडलेलं चित्र टाकून मोकळी झाले. दमलेल्या माणसाला रुसायला काही लागत नाही, बोलायलाच ताकद लागते.

दहाव्या शनिवारी शॉर्टकट अडला. 'आधी लाँचर उघडा.' नाइलाजाने उघडला. अपडेट झालं, पासवर्ड घातला, आणि खिडकीने विचारलं: दोन वेगवेगळी शेतं सापडली आहेत. या कॉम्प्युटरवरचं, मागच्या शनिवारचं. सर्व्हरवरचं, कालचं. एकच ठेवता येईल.

कालचं?

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेताची ने-आण लाँचर करत होता, आणि मी त्यालाच टाळलं होतं. माझे नऊ शनिवार पेणच्या बाहेर गेलेच नव्हते. ती तिकडे रोज राबत होती, आणि तिच्या लेखी पाठ फिरवली होती ती मी.

मी सर्व्हरवरचं निवडलं. माझी वांगी, नवा गोठा, नऊ दुपारी, सगळं एका बटणात गेलं.

माझ्या वाफ्याच्या कडेने तिने पाट्या रोवल्या होत्या. गेममध्ये पाटीवर लिहिता येतं. 'शनिवारी आली नायस.' पुढे, 'बरी हायस ना गो?' मग, 'रागावलीस काय?' नववी पाटी कालची. 'दमत असशील. तुझ्या वाफ्याला पाणी घातलंय मी.'

मला रडू आवरलं नाही. प्रविण चहा घेऊन आला. "काय गो, हरलीस काय?"

"व्हय," मी म्हटलं.

मग दहावी पाटी रोवली. 'चुकले गो. रागावले नव्हते. रोज आठवण यायची.' गेम बंद केला. लाँचर म्हणाला, शेत पाठवत आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. नेट रडतखडत चालत होतं. सासूबाई हाका मारत होत्या, दळण तसंच पडलं होतं. तीस टक्के. एकतीस टक्के. शंभर होईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.