पेलिकन खांबांवर गेले की

“पेलिकन उडून धक्क्याच्या खांबांवर बसले की कुत्र्याला पाण्यात सोडू नकोस, पोरी,” असं क्लाइव्हनं टॅमसिनला ती शेजारी राहायला आली त्याच आठवड्यात बजावलं होतं. नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. क्लाइव्हचं सगळं आयुष्य इथे मासेमारीत गेलेलं. तो शार्कबद्दल बोलतोय हे ओळखून टॅमसिननं हसून त्याला आकडे ऐकवले, शार्कपेक्षा रस्ता ओलांडणं जास्त धोक्याचं.

“शार्क वाचतात का ते आकडे?” एवढंच तो म्हणाला.

धक्क्यावर मासे साफ करायचं टेबल होतं. लोक डोकी-आतडी खाली पाण्यात टाकत आणि पेलिकन त्यावर तुटून पडत. ते घाणेरडं खाऊन आपल्या कुत्रीचं, टॉफीचं, पोट बिघडेल, याचीच टॅमसिनला धास्ती. म्हणून पक्षी उठेपर्यंत ती थांबायची आणि मगच चेंडू फेकायची. तिची चार वर्षांची मुलगी एल्सी काठाशी पाय बुडवून बसायची.

त्या शनिवारी मासेमारीची स्पर्धा होती. टेबलाखालचं पाणी लालसर झालेलं. सगळे पेलिकन एकदम उठले आणि खांबांवर जाऊन बसले. चला, आटपलं यांचं, असं म्हणत टॅमसिननं चेंडू फेकला. टॉफी पोहत निघाली.

क्लाइव्ह धक्क्यावर रोज मांडायच्या आपल्या घडीच्या खुर्चीतून उठला. एल्सीला काखेत धरून त्यानं आधी टॅमसिनच्या हातात दिलं, मग कमरेएवढ्या पाण्यात शिरून काठीनं पाणी बडवत शीळ घालू लागला. टॉफी वळली. तिच्यामागे पाणी फुगलं, एक करडी पाठ दिसली आणि बुडाली. कुत्री काठाला लागली तेव्हा मागच्या पायाची कातडी लोंबत होती. बाहेर येताना क्लाइव्ह धक्क्याच्या पायरीवर घसरून कमरेवर आपटला.

“पक्षी उगाच जेवण सोडत नाहीत गं,” तो धापा टाकत म्हणाला. बोलणी खायची टॅमसिनची तयारी होती, पण तो टॉफीचे कान कुरवाळत बसला.

टॉफीच्या पायाला अकरा टाके पडले. क्लाइव्हची कंबर मात्र अजून धरते, आणि डॉक्टरचं नाव काढलं की त्याला ऐकू येईनासं होतं.

आता चार दिवस टॅमसिनला आईकडे जावं लागतंय. निघताना तिनं टेबलाशेजारच्या फळ्यावर कागद लावला: ‘पेलिकन खांबांवर असतील तर कुणीही पाण्यात उतरू नका. आणि संध्याकाळी पाच वाजेपर्यंत क्लाइव्हची खुर्ची इथे दिसली नाही, तर हे वाचणाऱ्यानं कृपा करून त्याच्या निळ्या दाराच्या घरी जावं. दार वाजवून उपयोग नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक करा. मी सांगितलं म्हणू नका.’