मिठाची दारं

सिद्धम्मानं जुन्या लुगड्याचा काठ दातात धरून टर्रकन फाडला आणि लेकीच्या पुढ्यातल्या वंशावळीच्या कागदाकडं मान वाकवून पाहिलं.

"चौकोन बाप्ये, गोल बाया. आन् काळं केलंय ते?"

"तान्हेपणी झटके आलेले," गायत्री म्हणाली. हैदराबादच्या प्रयोगशाळेतून ती दोन दिवसांसाठी उमरग्याला आली होती. कागदावर एकच चौकोन काळा होता, तिच्या भाच्याचा. जन्मल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याला झटके सुरू झाले. माकणीला सुनेच्या माहेरी, बारशात, भरल्या घरात, सिद्धम्मा तिच्या आईला म्हणाली होती, "आमच्या रक्तात असली खोट न्हाय." सून, अर्पिता, त्यानंतर माहेरीच राहिली. पोर आता नऊ महिन्यांचं झालं होतं. झटके पाचव्या महिन्यातच थांबले होते.

"आपली बाजू कोरीच ऱ्हाऊ दे." वाकळीसाठी तुकडे मांडताना सिद्धम्माचा हात थांबला. "पर एक सांग. आलं कुठनं, ते इचारत न्हाय. गेलं कुठं?"

गायत्रीनं लुगडं ओढून घेतलं. "मेंदूतल्या पेशींना बारीक दारं असतात, अव्वा. त्यातनं मिठाचे कण आत येतात. दार वेळेवर मिटलं नाही की झटका."

"डोस्क्यात मीठ? तुझ्या भावाच्या तर दिसत न्हाय. अळणीच हाय ते."

गायत्री हसली. "दाराचं कापड एकच. शरीर त्यातले काही तुकडे गाळतं, उरलेले जोडतं. तान्ह्या बाळाचं दार शिवताना हा तुकडा घेतं. बाळ वाढलं की हा सोडून शेजारचा घेतं. कापडात एक जागा विरलेली असली, तर पहिल्या जोडणीत तिच्यावर ताण येतो, दुसरीत येत नाही."

सिद्धम्मानं दोन्ही तुकडे आळीपाळीनं विरलेल्या जागेशी धरून ताणले. एकदा धागे उसवले. एकदा टिकले. तिनं पुन्हा ताणून पाहिलं.

"म्हंजे विरलेली जागा तशीच ऱ्हाती?"

"जन्मभर."

"आन् लेकराला जाती?"

"जाऊ शकते."

अंगणात गायत्रीचा भाऊ श्रीशैल गाडी पुसत होता. सिद्धम्मा त्याच्या रुंद पाठीकडं बघत राहिली.

"त्याला यायचे," ती म्हणाली. "पदराआड धरून बसायची म्या. बसाया लागला तवा थांबले. थांबले म्हून म्या ती खोट धरलीच न्हाय कधी."

गायत्रीनं पेन्सिल उचलली.

"आण इकडं."

दुसरीत शाळा सुटलेल्या सिद्धम्मानं पेन्सिल सुईसारखी धरली आणि मुलाचा चौकोन कोपऱ्यांसकट काळा केला. मग ती वर, स्वतःच्या गोलाशी आली.

"माझं सांगणारं कुनी उरलं न्हाय. धाकट्या भावाला मातर यायचे."

तिनं गोल अर्धा रंगवला.

"अर्पिताला फोटो पाठवू का याचा?"

"फोटो नगं." कागदाची घडी तिनं कनवटीला खोचली आणि अंगणात आली.

"श्रीशैल, पुसनं पुरं. माकणीला जायचंय. विहीणबाईनं बस म्हटलं तर बसू. न्हाय म्हटलं तर उभ्यानं सांगू."