पिटुकल्या ड्रॅगनची चाचणी

ऑफिसात तिला सगळे ‘राक्षसबाई’ म्हणत आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे, तिलाही नाही. कामच तसं होतं. चार जणांनी टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि तोंडानेच तलवारी चालवायच्या, असला खेळ ती कंपनी काढायची. त्या खेळात मारायला प्राणी लागत. साहेब ते सुचवत आणि राक्षसबाई लिहून काढी. साहेबांची कल्पनाशक्ती काय वर्णावी! दलदलीतला राक्षस झाला की डोंगरातला, तो झाला की दलदलीतल्याचा धाकटा भाऊ. पुस्तकात प्रत्येक पानाखाली तो प्राणी ज्याला सुचला त्याचं नाव छापायची पद्धत होती. नऊ वर्षांत झाडून सगळ्या पानांखाली साहेबांचंच नाव होतं.

घरी आई होती. नवं पुस्तक आलं की चष्मा पुसून ती पहिल्या पानापासून लेकीचं नाव शोधायला बसे. शेवटी म्हणे, “छपाई फार बारीक करतात गं, दिसलंच नाही मला.” राक्षसबाई ‘हो ना’ म्हणून पुस्तक कपाटात ठेवून देई.

या वर्षी साहेबांना भावांखेरीज काही सुचेना, म्हणून एक पान तिच्या वाट्याला आलं. तिने ड्रॅगन लिहिला. तळहातावर मावेल एवढा. जीव एवढासा, पण ऐट अशी की जणू डोंगर याच्याच बापाचा. सगळा जोर लावून फुंकर मारली तर दिव्याची वात पेटेल एवढी आग निघे, आणि तेवढ्यानेच दमून स्वारी झोपी जाई.

छापण्याआधी प्रत्येक प्राण्याची चाचणी व्हायची. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कॅशियर, स्टोअरकीपर, प्रूफरीडर आणि रिसेप्शनच्या बाई अशी चौकडी बसे. एरवी साधी माणसं, पण फासे हातात आले की अंगात संचार! रिसेप्शनच्या बाई कुऱ्हाडवाल्या. फोनवरच्या त्याच गोड आवाजात “एक मिनिट थांबा हं” म्हणत आणि समोरच्याचं मुंडकं उडवत.

त्या दिवशी ड्रॅगन गुहेबाहेर आला, त्याने फुंकर मारली, कॅशियरच्या शूरवीराची अर्धी मिशी जाळली आणि तिथेच मुटकुळं करून झोपला.

“अगं बाई, दमलं लेकरू,” रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

चाचणीच्या फॉर्मवर तीनच चौकटी होत्या: ‘प्राणी मेला’, ‘प्राणी पळाला’, ‘सगळे मेले’. स्टोअरकीपरने बराच विचार केला आणि समासात हाताने लिहिलं, ‘घरी नेला.’

फॉर्म बघून साहेबांनी कपाळाला हात लावला. “बाई, असली चौकटच नाही आपल्याकडे! मारण्यासारखं काहीतरी द्या की त्याला. पोटात रत्न घाला. पोट फाडलं की रत्न हातात. मग बघा कसे तुटून पडतात.”

“पण साहेब, तेच चौघं खेळणार. त्यांना तर तो आवडलाय.”

“घाला हो तुम्ही. नाव पाहिजे ना पानाखाली?”

पाहिजे होतं. नऊ वर्षं पाहिजे होतं. तिने रत्न घातलं, आणि मनात म्हणाली, ही माणसं कसली मारताहेत!

पुन्हा तीच खोली, तीच चौकडी. ड्रॅगन बाहेर आला. राक्षसबाईने रत्नाचं वाक्य वाचून दाखवलं.

“केवढं असतं रत्न?” कॅशियरने विचारलं.

“सुपारीएवढं.”

“एक मिनिट थांबा हं,” रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या.

ड्रॅगनला फुंकर मारायलाही वेळ मिळाला नाही. स्टोअरकीपरने न अडखळता पहिल्या चौकटीत खूण केली आणि मान वर करून विचारलं, “गुहेत आणखी किती आहेत?”

साहेब खूष झाले. संध्याकाळच्या आत छपाईचा नमुना तिच्या टेबलावर आला. वर ड्रॅगनचं चित्र, मध्ये त्याला उभा चिरायची आकृती आणि सगळ्यात खाली तिचं नाव. पूर्ण नाव, आईच्या चष्म्याला सहज दिसेल एवढं. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग आकृतीकडे बघितलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

“रत्न काढून टाका, साहेब.”

“मग मारेल कोण त्याला?”

“कुणीच नाही.”

“मग प्राण्यांत जागा नाही. फार तर मागे सामानाच्या यादीत टाकू, कंदिलाखाली. एक ओळ. आणि सामानाला नाव नसतं हं, बाई. कुदळ कुणाला सुचली हे कोण छापतं?”

तिने नमुना साहेबांच्या टेबलावर परत ठेवला. “टाका यादीत,” ती म्हणाली.

महिन्याभराने पुस्तक आलं. आई चष्मा पुसून बसली. राक्षसबाई स्वयंपाकघरात उगीचच भांडी आवरत राहिली. आपलं नाव कधी छापलंच नव्हतं हे आज सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. पानं उलटल्याचा आवाज येत राहिला, आणि एकदम थांबला.

“हा तुझा ना गं?” आईने हाक मारली.

ती बाहेर आली. आईचं बोट शेवटच्या पानावर होतं, दोर, कुदळ आणि कंदील यांच्या खाली.

“नाव कुठंय त्याच्यावर, आई? कशावरून माझा?”

“अगं, एवढ्या सामानात या एकट्यापुढेच लिहिलंय,” आई म्हणाली, “आधी याला खायला घाला.”