आठ कोपरं

माझा फोटो स्टुडिओ नाशिकला, रविवार कारंजाजवळ. शोकेसमध्ये सीझनमधली सगळ्यात देखणी नवरी लावायची, हा आमच्या धंद्याचा रिवाज. १९९९ साली मी तो मोडला, आणि अजूनही त्याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही.

मैना पेठ तालुक्यातली, इथे वसतिगृहात राहून बारावीला होती. जिल्ह्याच्या मुलींच्या क्रिकेट संघात निवड झाली तर फॉर्मला लागतील म्हणून तिने माझ्याकडे पासपोर्ट फोटो काढले होते. आठवड्याने ते सगळे परत घेऊन आली. म्हणाली, उज्वलाताई, ठेवा हे, आता नाय लागणार. निवड समितीच्या देवरामसरांनी तिला दोन चेंडूंतच बाजूला काढलं होतं. हात वाकवून फेकतेस, म्हणे. रविवारी संघ जाहीर व्हायचा होता.

हात वाकडा होता हे खरंच. सहा वर्षांची असताना ती झाडावरून पडली. गावात हाड बसवलं ते असं, की कोपर पुन्हा पूर्ण सरळ झालंच नाही. नियमांचं पुस्तक तिच्या दप्तरातच होतं: चेंडू सोडताना वाकलेला हात सरळ झाला तर ते फेकणं, वाकडाच राहिला तर नाही. सरांनी ऐकूनच घेतलं नव्हतं. माझं डोकं फिरलं.

माझ्याकडे एक फ्लॅश होता, सेकंदाला पन्नास वेळा या वेगाने एका दमात आठदा चमकणारा. हौसेने मुंबईहून आणलेला, लग्नात त्याचा उपयोग शून्य. खोली काळोखी करायची, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं आणि फ्लॅश सोडायचा. प्रत्येक चमकेला हात जिथे असेल तिथे उमटतो, सगळा एकाच फोटोत.

ओळखीच्या मंगल कार्यालयाचा हॉल दुपारी मोकळा मिळाला. खिडक्यांना काळं कापड लावलं, समोर गाद्यांची चळत रचली. दिवे बंद केले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पोरगी काळोखात धावणार कशी? मैना म्हणाली, "अकरा पावलं हायेत, ताई. त्याला दिवे कशाला?"

ती खरंच धावली. मी काळोखात पावलं मोजत उभी. पहिल्यांदा घाई केली, हात वर यायच्या आत फ्लॅश संपला. मग उशीर झाला. सातव्या खेपेला जमलं.

डार्करूममध्ये प्रिंट उमटली. आठ हात, आठही वाकडे. सरांच्या हातात आयतंच कोलीत दिलं की मी! मैनाने मात्र कंपासपेटी काढली. ओल्या प्रिंटवरच कोनमापक ठेवून एकेक कोपर मोजलं आणि शांतपणे म्हणाली, "आठी ठिकाणी तेवढाच हाय. वाकडा हाय, पण वाकडाच राहतो."

दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन सरांकडे गेले. त्यांनी धड पाहिलंही नाही. तुम्ही फोटोवाले नवरीचे मिटलेले डोळे उघडता, तुमचं काय खरं मानायचं, म्हणाले. निगेटिव्ह दाखवते म्हटलं, तर त्यांना काम होतं.

ठीक आहे म्हटलं. आले ती थेट शोकेसमधली नवरी उतरवली. तिथे मैनाचा फोटो लावला, चांगला दोन फूट लांब. काच काढून टाकली. बाजूला बल्बसमोर निगेटिव्ह, दोऱ्याला बांधलेला कोनमापक, आणि खाली पाटी: 'हात वाकडा आहे. सरळ होतो का, मोजून पाहा.'

नवरीची आई भांडायला आली, आणि जाताना आठही कोपरं मोजून गेली. भाजीवाल्यांनी मोजली, शाळेच्या मुलांनी मोजली. शनिवारपर्यंत अख्ख्या कारंजाला तो कोन पाठ झाला होता.

शनिवारी दुपारी देवरामसर आले. माझ्याकडे पाहिलं नाही. आधी निगेटिव्ह निरखली, मग कोनमापक उचलला. आठही मोजून झाल्यावर त्यांनी पहिलं कोपर पुन्हा मोजलं. मैना तोवर आतून येऊन त्यांच्या मागे उभी राहिली होती. तिने परत दिलेलं फोटोंचं पाकीट तिच्या हातात होतं.

"सर, फॉर्मला किती फोटो लागतात?" तिने विचारलं.

सरांनी कोनमापक खाली सोडला. तो दोऱ्यावर थोडा वेळ हलत राहिला.

"तीन," ते म्हणाले.