नऊ नंबरच्या चोवीस बाटल्या

जयवंत घाडीगावकरला पगार वाट बघण्याचा मिळत असे, आणि हे त्याने कुणापासून लपवलंही नव्हतं. त्याच्या मालकांना, हर्षदभाईंना, ते कळायला मात्र अकरा वर्षं लागली.

हर्षदभाईंची कंपनी मुलुंडला एल.बी.एस. मार्गालगतच्या औद्योगिक वसाहतीत, लोणच्याचा कारखाना आणि ट्रॉफ्यांचा कारखाना यांच्या मधल्या गाळ्यात होती. ती रानावनात आणि पाण्यात यंत्रं बसवायची. कुठे कड्यावर पाऊस मोजणारं, कुठे खाडीत खारेपणा मोजणारं. अशी एकंदर नऊ यंत्रं होती, आणि नऊच्या नऊ अशा जागी, जिथे मोबाइलला रेंज नाही, वीज नाही आणि माणूस गेलाच तर रस्ता चुकून. त्यांच्याशी बोलायचं ते उपग्रहामार्फत. यंत्राने आपली हालहवाल वर पाठवायची, ती मुलुंडला उतरायची. मुलुंडने हुकूम वर पाठवायचा, तो यंत्रापाशी उतरायचा. या संभाषणातली मुलुंडची बाजू म्हणजे जयवंत. त्याची खुर्ची पँट्रीच्या दाराशी होती आणि तिला कंट्रोल रूम म्हणत.

यंत्रं बॅटरीवर जगत, त्यामुळे जपून जगत. दर चार तासांनी जागं व्हायचं, दहा मिनिटं कान उघडे ठेवायचे, हुकूम असेल तर पाळायचा, पोच पाठवायची आणि परत झोपायचं. ऑफिसच्या हिशेबाने यंत्रांच्या जागं होण्याच्या वेळा दोनच, दुपारी बारा आणि चार. मधल्या वेळात पाठवलेला हुकूम रांगेत पडून राही. ही रांग खरं तर परदेशातल्या कुठल्याशा इमारतीतल्या काँप्युटरात लागायची, पण ऑफिसात सगळे ती आकाशातच आहे असं धरून चालत आणि बोलताना वर बोट दाखवत.

जयवंत हुकूम एकदा पाठवायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचा. त्याची तयारीच तशी झाली होती. तरुणपणी तो अंधेरीला पेजरच्या कंपनीत निरोप टाइप करायला होता. ‘दूध घेऊन ये’, ‘आई आल्या आहेत, उशिरा ये’, ‘मी खाली उभी आहे’. निरोप जायचे, पुढे त्या बाईचं काय झालं हे कधीच कळायचं नाही. अशा माणसाला चार तासांनी का होईना, पण उत्तर देणारं यंत्र मिळालं म्हणजे चैनच होती.

शिवाय गावची शिस्त होती. कणकवलीकडे त्याच्या गावात देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पडते की डावी ते बघत बसायचं. जयवंतच्या काकाने एकदा पाकळी पडेना म्हणून तेच गाऱ्हाणं लागोपाठ तीनदा घातलं, तेव्हा गुरवाने भर देवळात विचारलं होतं, “देव काय बहिरो हा?” तेव्हापासून घाडीगावकरांच्या घरात कुठलीही गोष्ट एकदाच सांगायची पद्धत पडली. जयवंतच्या बायकोला, नलिनीला, या पद्धतीचा अठ्ठावीस वर्षं त्रास होत होता, पण तो वेगळा विषय.

हर्षदभाई म्हणजे लिफ्ट येईपर्यंत लिफ्टचं बटण दाबत राहणारा माणूस. लिफ्ट आली की ती आपल्या दाबण्यामुळेच आली अशी त्यांची दर वेळी नव्याने खात्री पटे. एका सोमवारी ते चहासाठी पँट्रीकडे आले आणि त्यांना जयवंत दिसला. अर्ध्या तासाने ते दुसऱ्या चहाला आले, तर जयवंत तसाच. त्यांनी विचारलं, तू काय करतो रे दिवसभर? जयवंतने खरं ते सांगितलं.

त्याच आठवड्यात दिशाला बोलावणं गेलं. ही सत्तावीस वर्षांची इंजिनिअर नुकतीच लागली होती. हुशार होती, कामसू होती आणि कानात कायम ते गाण्यांचे पांढरे बोळे घालून बसायची. तिला हर्षदभाईंनी एक सॉफ्टवेअर करायला सांगितलं, जे यंत्राला हुकूम पाठवेल, उत्तर नाही आलं तर तीन मिनिटांनी परत पाठवेल, परत नाही आलं तर परत. सॉफ्टवेअरचं नाव त्यांनी स्वतः ठेवलं, ‘फॉलोअप’. चाचणी बुधवारी. ती पास झाली की एक तारखेपासून जयवंतने भिवंडीच्या गोडाउनवर बसायचं.

जयवंत राहायचा घाटकोपरला, भटवाडीत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. भटवाडी ते मुलुंड हा प्रवास त्याने अंगवळणी पाडून घेतला होता. भटवाडी ते भिवंडी म्हणजे डबा घरी खाऊनच निघावं लागेल, असं नलिनीचं मत पडलं. ती म्हणाली, जरा बोल त्यांच्याशी. जयवंत म्हणाला, त्यांनी विचारलं तर बोलेन. नलिनीने यावर पोळी जरा जोरात लाटली.

चाचणीसाठी नऊ नंबर निवडला. नऊ नंबर म्हणजे आंबेतळी धरणाच्या फुगवट्यात, जंगलाच्या पार आतल्या अंगाला नांगरलेला तराफा. त्यावर एक पंप होता आणि चोवीस रिकाम्या बाटल्यांचा क्रेट. ‘नमुना घे’ असा हुकूम पोचला की पंप एक बाटली भरायचा. रोज दुपारी बाराला एक बाटली, असं चोवीस दिवस चालायचं. मग तिथल्या वाडीतला धाकू, जयवंतच्याच मुलखातला, होडी घेऊन जायचा, भरलेला क्रेट काढून नवा ठेवायचा. पाणी हिरवं का होतंय ते शोधणाऱ्या संस्थेला हे नमुने हवे होते, आणि तिची अट एकच होती, एकही दिवस चुकता कामा नये. नवा क्रेट मंगळवारीच बसला होता, त्यामुळे बुधवारी चोवीसच्या चोवीस बाटल्या रिकाम्या होत्या.

बुधवारी सकाळी दहाला दिशाने ‘फॉलोअप’ सुरू केलं. जयवंत तिच्या मागून पँट्रीत चालला होता. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, “दिशा, हे वर साठत जाणार. बारा वाजता सगळं एकदम उतरेल.” मग तो चहा घ्यायला गेला. एकदा सांगून झालं होतं.

दहा ते बारा, दर तीन मिनिटांनी. चाळीस हुकूम गेले. हर्षदभाई खुर्ची ओढून शेजारी बसले होते आणि प्रत्येक हुकमागणिक त्यांचा चेहरा लिफ्टसमोर उभा असल्यासारखा फुलत होता. बारा वाजले. तराफा जागा झाला, त्याने कान उघडले आणि पहिली पोच आली, ‘बाटली १ भरली’. हर्षदभाईंनी टाळ्या वाजवल्या. ‘बाटली २ भरली’. त्यांनी टाळ्या थोड्या हळू वाजवल्या. ‘बाटली ७ भरली’ला दिशाने कानातले बोळे काढले. चोवीस बाटल्या भरल्यावर उरलेल्या सोळा हुकमांना तराफ्याने सोळा वेळा एकच उत्तर दिलं, ‘जागा नाही’. सरकारी कचेरीत काम करणाऱ्यालाही हे इतकं शांतपणे जमलं नसतं.

लोणच्याच्या कारखान्यातला मोहरीचा वास तेवढा आत आला.

चोवीस दिवसांचं पाणी एकाच दुपारी भरून झालं होतं. उद्या बारा वाजता बाटली नाही, म्हणजे उद्याचा नमुना नाही, म्हणजे संस्थेची अट मोडली. हर्षदभाईंनी धाकूला फोन लावला. फोन लागला नाही. त्यांनी परत लावला. धाकूच्या वाडीत रेंज नव्हती; ती त्याच्या घरामागची टेकडी चढल्यावर यायची आणि उगाच कोण टेकडी चढतो? हर्षदभाईंनी अकरा वेळा फोन लावला.

दिशा जयवंतकडे आली. डोळे भरलेले होते, पण आवाज तिने ताब्यात ठेवला होता. “काका, तुम्हाला हे माहीत होतं ना?”

“मी सांगितलं होतं.”

“कधी? माझ्या कानात गाणी होती. मी मान तरी हलवली का?”

जयवंतने आठवून पाहिलं. मान हलली नव्हती. पोच आली नव्हती. अकरा वर्षं नऊ यंत्रांकडून पोच घेतल्याशिवाय जागचा न हलणारा माणूस आज पुढ्यातल्या माणसाला निरोप देऊन चहाला निघून गेला होता. त्याला हे फार लागलं. काकाला गुरव बोलला त्यापेक्षाही ही गोष्ट लाजिरवाणी होती, कारण इथे समोरचा खरोखरच बहिरा होता आणि ते दिसत होतं.

खरं तर त्याने गप्प बसावं अशीच परिस्थिती होती. उद्याचा दिवस हुकला असता तर ‘फॉलोअप’ची वाट लागली असती आणि भिवंडीसुद्धा आपोआप टळली असती. निस्तरून दिलं तर हर्षदभाई म्हणणार, बघा, काही बिघडलं नाही, चाचणी पास. हे त्याला कळत होतं. तरी तो उठला आणि म्हणाला, “धाकूला बोलावता येईल. भोंगा आहे.”

तराफ्यावर पाणकावळे बसून घाण करू नयेत म्हणून एक भोंगा होता. तो तीनदा वाजला की धाकूने टेकडी चढून जयवंतला फोन करायचा, असं या दोघांनी चार वर्षांपूर्वी आपसांत ठरवलं होतं. कंपनीच्या कागदांवर याची कुठेच नोंद नव्हती. गणपतीला कोण कधी गावी येतंय, हे कळायला तो आजवर दोनदा वाजला होता. हर्षदभाईंनी हा खुलासा ऐकला आणि पुढच्या वेळी रागवायचं म्हणून बाजूला ठेवला.

साडेबाराला जयवंतने हुकूम पाठवला. ‘भोंगा, तीन वेळा.’ एकदाच.

“परत पाठव ना,” हर्षदभाई म्हणाले.

“चार वाजता पोचेल.”

“अरे पण सेफ्टीसाठी एक अजून?”

जयवंतने काँप्युटरचा माउस काढला, डब्याच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी पायांमध्ये धरून बसला. सगळ्या नोकऱ्या मिळून झालेल्या बत्तीस वर्षांत त्याने केलेलं हे सगळ्यात उद्धट कृत्य होतं.

साडेतीन तास तिघं बसून राहिले. हर्षदभाईंना आयुष्यात प्रथमच नुसतं बसावं लागत होतं. पहिल्या तासात ते उठून लिफ्टपर्यंत जाऊन आले, कुठेही न जाता. दुसऱ्या तासात त्यांनी जयवंतच्या डब्यातली कुळथाची पिठी खाल्ली आणि ही कशाची म्हणून विचारलं. मग एकदम आपल्या वडिलांबद्दल बोलायला लागले. वडिलांचं घाटकोपरला कापडाचं दुकान होतं आणि ते गिऱ्हाइकाला गादीवर बसवून एक शब्दही न बोलता बसून राहत. गिऱ्हाईक अखेर कंटाळून दोन साड्या जास्त घेई. दिशा हसली. जयवंतनेही आपल्या वडिलांचं सांगितलं, की मिलचा भोंगा वाजला की ते झोपेतच चप्पल शोधायचे. मिल बंद पडल्यावर कितीतरी दिवस भोंग्याशिवाय शोधत होते. साडेतीनपर्यंत हर्षदभाईंनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं.

चार वाजून सहा मिनिटांनी पोच आली, ‘भोंगा ३’.

पावणेपाचला जयवंतचा फोन वाजला. धाकूला धाप लागली होती. फोन स्पीकरवर टाकला.

“मेल्या जयवंता,” धाकू म्हणाला, “दुपारी तुझो तराफो घटाघटा पाणी पित होतो. कसली इतकी तहान लागली त्येका? आणि आता भोंगो. बायको म्हणता, मुंबैकारांक काय तरी झाला, जा, फोन कर.”

जयवंतने झालं ते सांगितलं आणि पडवीतला जादा क्रेट सकाळी बसवायला सांगितलं. धाकू म्हणाला, बसवतंय. जयवंतने फोन ठेवला नाही.

“काय बसवतंस ता सांग,” तो म्हणाला.

“क्रेट रे. सकाळी. बाराच्या आधी. कान फुटले नाय माझे.”

गुरुवारी बारा वाजून चार मिनिटांनी पोच आली, ‘बाटली १ भरली’. एकच. दिवस चुकला नाही.

हर्षदभाईंनी शुक्रवारी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. झालं ते अगदी जयवंतच्या अंदाजाप्रमाणे. चाचणी पास झाली आहे, असं ते म्हणाले. सॉफ्टवेअरमध्ये फक्त एक गोष्ट कमी आहे, त्याला थांबता येत नाही. तेव्हा दिशाने जयवंतकडून थांबण्याची पद्धत समजून घ्यावी, लिहून काढावी आणि ‘फॉलोअप’मध्ये घालावी. एकदा ते कागदावर उतरलं की जयवंतने भिवंडीला जायचं. तोवर खुर्ची आहे तिथेच राहील.

सोमवारी दिशा वही घेऊन पँट्रीच्या दाराशी बसली. तिने प्रश्न काढून आणले होते, दोनशे बारा. पहिला प्रश्न असा होता, “काका, वाट बघताना तुम्ही नक्की काय करता?”

जयवंतने प्रश्न ऐकला. पोच म्हणून मान हलवली. मग म्हणाला, याचं उत्तर नीट विचार करून द्यायला हवं, चुकीचं लिहिलं जायला नको. उत्तर त्याने गुरुवारी दिलं. ते दीड ओळीचं होतं. दिशाने ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि दुसरा प्रश्न विचारला.

त्या संध्याकाळी तिने गणित मांडलं. आठवड्याला दोन प्रश्न म्हटले, सणवार, रजा आणि हर्षदभाईंचे वाढदिवस धरले, तर दोनशे बारावं उत्तर जयवंतच्या निवृत्तीच्या दोन महिने पुढे जात होतं. हे गणित तिने कुणालाच दाखवलं नाही. हल्ली ती कानातले बोळे ड्रॉवरमध्ये ठेवते.

हर्षदभाई दर सोमवारी चहाला येतात आणि कुठवर आलं म्हणून विचारतात. दिशा म्हणते, “प्रश्न दिलाय सर. उत्तर येतंय.” मग ते एक स्टूल ओढतात, जयवंतच्या डब्यात आज काय आहे ते बघतात आणि थोडा वेळ तिथेच बसून राहतात.