वाऱ्याकडे पाठ

ठेकेदाराने एक पाय चौकटीला लावला, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि दार ओढलं. ते चार बोटं उघडलं आणि वाऱ्याने धाडकन परत लावून टाकलं.

“मॅडम, आईंना जरा मागे घ्या. बोटंबिटं सापडायची.”

मुलीने आईचा दंड धरून तिला दोन पावलं मागे घेतलं. आईचा रुमाल डोक्यावरून निसटून मानेवर फडफडत होता. तो नीट करायचा मुलीने दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“कुलूप आहे का गं?” आईने विचारलं.

“नाही. दार जड आहे.”

“तू काढलेली दारं जड नसतात.”

मुलगी काचेतल्या स्वतःकडे बघत उभी राहिली. दरी बघायला येणाऱ्या लोकांसाठी बांधलेली ही इमारत उघड्या कड्यावर दोन मजले ताठ उभी होती. समोर सगळी काच आणि काचेच्या मधोमध दार. फोटोत फार सुंदर दिसायची. प्रत्यक्षात दरीतून वर येणारा वारा सरळ तिच्या तोंडावर आदळायचा आणि आत उभं राहिलं की छताची करकर ऐकू यायची. पाटीवर आर्किटेक्ट म्हणून नाव तिचं होतं. तेवढंच तिचं होतं.

तिने मुळात काढलेली इमारत ठेंगणी होती, दगडी होती, खडकाच्या मागच्या खोलगट जागेत अर्धी जमिनीत बसलेली होती. वाऱ्याकडे पाठ, दार आडोशाला. त्या एका वाकड्या भिंतीसाठी वर्ष गेलं होतं. कड्यावर चाळीस काठ्या रोवल्या होत्या आणि काठ्यांना जुन्या चादरींच्या पट्ट्या बांधल्या होत्या. चादरी आईने फाडल्या. दर रविवारी दोघी इथे येत. पट्ट्या कुठे फडफडतात, कुठे लोंबतात ते मुलगी वहीत लिहायची. आई प्रत्येक काठीपाशी डोळे मिटून उभी राहायची आणि सांगायची, “इथे कानाला लागतो. इथे नुसता केसांना.” वहीपेक्षा आईचंच बरोबर निघायचं.

मग आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. “डोळे आहेत तोवर बांधून दाखव बाई,” एवढं एकच मागणं तिने केलं होतं. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. बांधकाम लांबत गेलं, डोळे थांबले नाहीत.

इमारत बांधून घेणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. कड्यावर एकदाच आले, तेही नेमके वारा पडलेल्या सकाळी. भिंत छातीइतकी वर आली होती. “लोक इतक्या लांबून दरी बघायला येणार आणि तुम्ही त्यांना बिळात बसवणार?” असं विचारून ते हसले. सोबतची माणसंही हसली. काचेच्या इमारतीचा नवा नकाशा तिच्यापुढे आला. मी नाही केली तर दुसरा कुणीतरी करेल, असं मनाला सांगत तिने सही केली. घरी आईने विचारलं, “झाली का पक्की?” आणि ती म्हणाली, “झाली.” त्याची लाज तिला अजून वाटत होती. आई तर गल्लीभर सांगत सुटली होती, वारा लागणार नाही असं घर बांधतेय माझी मुलगी, त्या कड्यावर!

“मागच्या सामानाच्या दाराने नेऊ का आईंना?” ठेकेदाराने विचारलं.

“नको रे बाबा,” आई म्हणाली. “आत काय करकरतंय ते. कुठेतरी टेकू द्या मला, पाय गेले.”

ठेकेदार मुलीच्या कानाशी वाकला. “त्या जुन्या भिंतीमागे बसवा. आम्ही सगळे तिथेच जेवतो. सोमवारी पाडायचीय म्हणा, उद्घाटनाच्या फोटोत येते म्हणून. पण आज आहे.”

तिला हे माहीत नव्हतं. तिने आईचा हात धरला.

खडकाला वळसा घालून दोघी खोलगट जागेत उतरल्या. चौथ्या पायरीवर वारा थांबला. रुमाल आईच्या खांद्यावर गप्प पडला. आई जागीच उभी राहिली. सवयीने तिने डोळे मिटले, हनुवटी जरा वर केली आणि मान हळूहळू या बाजूला, मग त्या बाजूला वळवली.

“कानाला नाही,” ती म्हणाली. मग केसांवरून हात फिरवला. “केसांनाही नाही गं.”

तिने हात पुढे करून भिंत शोधली आणि भिंतीच्या कडेने चालू लागली. भिंतीतच बसवलेल्या दगडी बाकाला तिचा गुडघा लागला. बाकाची उंची मुलीने आईच्या गुडघ्यांवरून घेतली होती, घरी स्वयंपाकघरात टेप लावून. आई बसली. पायांचे तळवे सपाट जमिनीला टेकले.

“हेच ना तुझं?”

“हो. हेच.”

“एवढ्या चादरी फाडल्या मी, वाया नाही गेल्या.” आई एकटीच हसली. “बरं केलंस. फार बरं केलंस. आता मला कुणी विचारलं ना कसं आहे, तर सांगता येईल.”

मुलीचे डोळे भरून आले. आता सांगून टाकावं असं तिला वाटलं. ती तोंड उघडणार इतक्यात आईने हात वर करून हवेत फिरवला.

“वरून ऊन लागतंय. छप्पर राहिलंय का?”

“राहिलंय.”

“मग कधी घालणार?”

वर काचेवर वारा आदळला. तिने बाकाच्या कडेवरची सिमेंटची खपली नखाने काढली.

“सोमवारी,” ती म्हणाली.

“मग मंगळवारी आण मला परत,” आई म्हणाली आणि तिला बसायला जागा देत बाकावर जराशी सरकली.